काढलेल्या दाताची किंमत

आई गेल्यावर तिचं कपाट आवरताना स्टीलची एक छोटी डबी सापडली. आत तिची कवळी होती, वरची आणि खालची. वरची वापरून वापरून पिवळी पडलेली, खालची मात्र जवळजवळ कोरी. ती खालची कवळी आईच्या तोंडात कधी बसलीच नाही. बोलताना उचलली जायची, जेवताना हिरडीला काचायची. पाहुणे आले की आई ती घालायची आणि ते उंबऱ्याबाहेर पडले की काढून पाण्यात ठेवायची.

आईचे उरलेसुरले सगळे दात १९८४ साली तालुक्याच्या गावी तीन खेपांत काढले गेले. ती तेव्हा चव्वेचाळीस वर्षांची होती. मिश्रीची सवय, हिरड्यांतून येणारं रक्त, चार-पाच दात हलणारे. डॉक्टर म्हणाले, "वहिनी, एकेक करत किती दिवस बसणार? एकदाच सगळे काढू, कवळी बसवू, कटकट संपेल." आईला पटलं, वडिलांना पटलं. मी बारा वर्षांचा होतो, मला विचारायचा प्रश्नच नव्हता. पुढची चाळीस वर्षं तिने भाकरी दुधात कुस्करून खाल्ली. दर दिवाळीला दोन डबे भरून चकल्या केल्या आणि स्वतः चहात बुडवून खाल्ल्या.

गेल्या वर्षी माझी खालची एक दाढ ठणकू लागली. दंतवैद्यांनी क्ष-किरण चित्र काढून दोन वाटा सांगितल्या. रूट कॅनॉल करून वर कॅप बसवायची, किंवा दाढ काढून तिथे इम्प्लांट. मित्रांपैकी बहुतेकांचा सल्ला एकच होता: "काढून टाक. नवीन तंत्र आलंय, कशाला जुनं ओढत बसतोस?" त्या वाक्यात मला १९८४ सालचं वाक्य ऐकू आलं.

मी दंतवैद्य नाही. शिक्षण वाणिज्य शाखेचं, नोकरी सहकारी संस्थेत हिशेबनिसाची. पण जुनी वस्तू मोडीत काढायची म्हटली की तिची खरी किंमत काय, हा प्रश्न विचारायची सवय त्या नोकरीने लावली. ती सवय घेऊन वर्षभर दातांबद्दल मिळेल ते वाचलं, दोन-तीन दंतवैद्यांना पुन्हा पुन्हा त्रास दिला. त्या वाचनाचा हा ताळेबंद.

दात आणि हाड

दात म्हणजे हिरडीत रोवलेला दगड, अशी आपली समजूत असते. वरच्या आवरणापुरती ती फारशी चूक नाही. इनॅमल हा आपल्या शरीरातला सर्वांत कठीण पदार्थ. वजनाच्या हिशेबात त्यात सुमारे ९६ टक्के खनिज असतं. पण ते घडवणाऱ्या पेशी दात हिरडीबाहेर येईपर्यंतच जगतात. म्हणून मोडलेलं हाड जुळतं, दाताचा उडालेला टवका मात्र पुन्हा भरून येत नाही.

'कीड लागली' असं आपण म्हणतो, पण किडा कुठेच नसतो. तोंडातले जिवाणू साखरेपासून आम्ल बनवतात. आम्लता एका मर्यादेपलीकडे गेली, म्हणजे सामू साधारण ५.५च्या खाली उतरला, की इनॅमलमधलं खनिज विरघळू लागतं. लाळ ते नुकसान थोडंफार भरून काढते. दिवसभरात दहा वेळा गोड चहा झाला तर तिला उसंत मिळत नाही. मग खड्डा पडतो, तो इनॅमलखालच्या डेंटिनमध्ये शिरतो आणि शेवटी मधल्या मऊ गाभ्याला, ज्याला आपण 'नस' म्हणतो, जाऊन भिडतो. ठणका सुरू होतो तो इथे.

मला सर्वांत नवी गोष्ट समजली ती त्याच्याही खालची. दात हाडात खिळ्यासारखा ठोकलेला नसतो. दाताचं मूळ आणि हाड यांच्यामध्ये मिलिमीटरच्या पाचव्या हिश्श्याएवढी फट असते आणि त्या फटीतल्या असंख्य तंतूंनी दात हाडाच्या खाचेत टांगलेला असतो. भातात बारीकसा खडा आला तरी क्षणात कळतं, ते या तंतूंतल्या मज्जातंतूंमुळे. प्रत्येक घासाला हे तंतू हाडाला हलकासा ताण देतात आणि त्या ताणावर दाताभोवतीचं हाड टिकून राहतं. अपघाताने मोठ्या माणसाचा अख्खा दात उपटून पडला, तर तो मुळाला न धरता उचलावा, दुधात ठेवावा आणि शक्य तितक्या लवकर दवाखान्यात न्यावा, असं सांगतात. त्याचं कारणही हेच. मुळावर चिकटलेले तंतू जिवंत असतील तर दात पुन्हा रुजण्याची आशा असते.

दात गेला की हाडाचं काम संपतं आणि बिनकामाचं हाड शरीर ठेवत नाही. डेन्मार्कमधल्या संशोधकांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दाढ काढल्यावर वर्षभरात त्या जागेच्या हाडाची रुंदी सुमारे निम्म्याने घटलेली दिसली. त्यातली दोन-तृतीयांश घट पहिल्या तीन महिन्यांतच झाली होती. पूर्ण कवळी वापरणाऱ्यांचा आंत्ये टालग्रेन यांनी पंचवीस वर्षांच्या काळातला मागोवा घेतला आणि १९७२ मध्ये निष्कर्ष मांडले. हाडाची झीज थांबत नाही, फक्त मंदावते, आणि खालच्या जबड्याची झीज वरच्याच्या जवळपास चौपट असते.

हे वाचलं तेव्हा मी डबी पुन्हा उघडून खालची कवळी पाहिली. वरच्या कवळीला टाळूचा रुंद आधार मिळतो, ती ओल्या काचेवर काच चिकटावी तशी धरून राहते. खालच्या कवळीला फक्त नालेच्या आकाराचा अरुंद उंचवटा असतो, मध्ये सतत हलणारी जीभ, आणि तो उंचवटाही वर्षागणिक झिजत जाणारा. कवळी बनवणाऱ्याचा हात वाईट होता असं आम्ही चाळीस वर्षं म्हणत आलो. प्रत्यक्षात जमीनच खचत होती. म्हातारपणी हनुवटी नाकाकडे सरकल्यासारखी दिसते, ती यामुळेच.

मेलेल्यांचे आणि गरिबांचे दात

दात दुरुस्त करण्याची धडपड शेतीइतकी जुनी आहे. बलुचिस्तानातल्या मेहरगढ इथे सापडलेल्या अकरा दाढांना गारगोटीच्या टोकाने भोकं पाडलेली आढळली. त्यांचा काळ साडेसात ते नऊ हजार वर्षांपूर्वीचा. भोकांच्या कडा झिजलेल्या आहेत, म्हणजे त्यानंतरही ती माणसं त्याच दाढांनी चावत होती. आपल्या पुणे जिल्ह्यात इनामगावला डेक्कन कॉलेजने केलेल्या उत्खननातल्या तीन हजार वर्षांपूर्वीच्या सांगाड्यांच्या दातांचाही बारकाईने अभ्यास झाला आहे. जव पिकवणाऱ्या त्या शेतकऱ्यांच्या दातांतही कीड होती.

गेलेल्या दाताच्या जागी दुसरा बसवणं ही मात्र श्रीमंतांची गोष्ट राहिली. इटलीतल्या एट्रुस्कन लोकांच्या थडग्यांत सोन्याच्या पट्टीने शेजारच्या दातांना बांधलेले दात मिळाले आहेत. ते आजच्या 'ब्रिज'चे पूर्वजच म्हणायचे. बांधलेला दात माणसाचा किंवा जनावराचा असे. इथून पुढे दोन-अडीच हजार वर्षं एक अडचण कायम राहिली. नवा दात आणायचा कुठून?

जॉर्ज वॉशिंग्टन १७८९ मध्ये अमेरिकेचे पहिले अध्यक्ष झाले तेव्हा त्यांच्या तोंडात स्वतःचा एकच दात उरला होता. त्यांची कवळी लाकडी होती ही दंतकथा. त्यांच्या कवळ्यांत पाणघोड्याचं हस्तिदंत, शिसं, पितळ आणि माणसांचे दात होते. त्यांच्या मळ्याच्या १७८४ सालच्या हिशेबवहीत एका दंतवैद्याच्या खात्यावर, कृष्णवर्णीय लोकांना नऊ दातांबद्दल पैसे दिल्याची नोंद आहे. मी आयुष्यभर हिशेबवह्याच पाहिल्या, पण अशी नोंद पाहिली नव्हती. १८१५ मध्ये वॉटर्लूची लढाई झाली आणि रणांगणावर पडलेल्या तरुण सैनिकांचे दात पोत्यांनी इंग्लंडच्या बाजारात आले. असे दात पुढे अनेक वर्षं 'वॉटर्लूचे दात' याच नावाने ओळखले गेले.

हस्तिदंताचीही एक खोड होती. ते तोंडात कुजायचं आणि भयंकर वास मारायचं. त्या वासाला कंटाळलेल्या दुशातो नावाच्या फ्रेंच औषधविक्याने १७७० च्या दशकात चिनी मातीचे दात करवून घेतले. द शेमां या दंतवैद्याने त्यात सुधारणा केल्या आणि पेटंट मिळवलं. तेव्हापासून हळूहळू मेलेल्यांच्या आणि गरिबांच्या तोंडातले दात काढून घेण्याची गरज संपत गेली.

ईथर, रबर आणि एक खून

एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला दोन शोध जवळजवळ हातात हात घालून आले. बोस्टनमध्ये १६ ऑक्टोबर १८४६ रोजी ईथरने भूल देऊन जाहीर शस्त्रक्रिया झाली. भूल देणारा विल्यम मॉर्टन हा दंतवैद्य होता. कवळी नीट बसवायची तर जुनी मुळं काढावी लागत आणि त्या वेदनेला घाबरून गिऱ्हाइकं पळत, ही त्याची व्यवसायातली अडचण होती. वैद्यकाच्या इतिहासातल्या एका मोठ्या क्षणामागे कवळीचा धंदा होता, हे मला वाचेपर्यंत माहीत नव्हतं.

दुसरा शोध कडक रबराचा. गुडइयर बंधूंनी गंधक घालून रबर घट्ट करण्याची रीत काढली आणि १८५० च्या दशकात त्या रबराच्या कवळ्या होऊ लागल्या. सोन्याच्या किंवा हस्तिदंताच्या तुलनेत त्या अतिशय स्वस्त आणि हिरडीच्या साच्यावर हुबेहूब बसणाऱ्या. पेटंट हाती असलेली अमेरिकन कंपनी दंतवैद्यांकडून परवाना शुल्क वसूल करी आणि न देणाऱ्यांवर दावे लावी. या वसुलीमागे असलेला कंपनीचा खजिनदार जोसाया बेकन याला १८७९ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोतल्या एका हॉटेलात सॅम्युअल चॅलफंट नावाच्या दंतवैद्याने गोळी घालून ठार केलं. १८८१ मध्ये पेटंटची मुदत संपली आणि रबराची कवळी सगळ्यांना खुली झाली. विसाव्या शतकात, १९३० च्या दशकाच्या अखेरीस, तिची जागा ॲक्रिलिकने घेतली. आईची कवळी त्याच ॲक्रिलिकची.

आता याची दुसरी बाजू. दात काढणं वेदनारहित झालं आणि कवळी स्वस्त झाली. परिणाम काय झाला? दात वाचवण्याचं कारणच उरलं नाही. त्यात १९१० मध्ये विल्यम हंटर या इंग्रज डॉक्टरने, किडक्या दातांतला पू संधिवातापासून रक्तक्षयापर्यंत अनेक रोगांचं मूळ आहे, असं ठासून मांडलं. पुढची दोन-तीन दशकं इंग्लंड-अमेरिकेत संशयावरून हजारो लोकांचे दात काढले गेले. ब्रिटनच्या काही भागांत लग्नाआधी मुलीचे सगळे दात काढून कवळी बसवून देण्याची पद्धत होती. पुढे नवऱ्याला खर्च नको, हा हेतू!

१९४८ मध्ये ब्रिटनने मोफत राष्ट्रीय आरोग्यसेवा सुरू केली तेव्हा कवळ्यांसाठी इतकी झुंबड उडाली की अंदाजपत्रक कोलमडलं. १९५१ मध्ये सरकारने कवळी आणि चष्म्यावर शुल्क लावायचं ठरवलं आणि ती सेवा उभारणारे मंत्री अन्यूरिन बेव्हन यांनी त्या मुद्द्यावर राजीनामा दिला. १९६८ च्या पाहणीत इंग्लंड-वेल्समधल्या ३७ टक्के प्रौढांच्या तोंडात स्वतःचा एकही दात नव्हता. गरीब देशाची नव्हे, जग जिंकलेल्या देशाची ही स्थिती. २००९ च्या पाहणीत हे प्रमाण ६ टक्क्यांवर आलं होतं. मधल्या चाळीस वर्षांत कवळ्या सुधारल्या म्हणून हे झालं नाही. फ्लोराइडची टूथपेस्ट घरोघरी आली, आणि दंतवैद्य काढण्याऐवजी राखण्याकडे वळले.

आपल्याकडे दंतवैद्यकाचं शिक्षणच उशिरा आलं. डॉ. रफिउद्दीन अहमद यांनी १९२० मध्ये कोलकात्यात देशातलं पहिलं दंत महाविद्यालय काढलं. मुंबईचं नायर दंत महाविद्यालय १९३३ सालचं. दंतवैद्यांचा कायदा १९४८ मध्ये झाला, तेव्हा पदवी नसलेल्या पण आधीपासून व्यवसाय करणाऱ्यांसाठी नोंदवहीत वेगळा 'ब' भाग ठेवावा लागला, कारण दात पाहणारे बरेचसे लोक तेच होते. मोठ्या शहरांतल्या 'चायनीज डेंटिस्ट'च्या पाट्या आमच्या पिढीला आठवत असतील. चीनच्या हुपेई प्रांतातून आलेल्या कुटुंबांचा तो पिढीजात धंदा. आणि बाजाराच्या दिवशी चादर पसरून, तारेने आणि ॲक्रिलिकने तासाभरात दात बसवून देणारेही होते. आईचे डॉक्टर यांच्यापैकी नव्हते, रीतसर शिकलेले होते. आज त्यांच्यावर रागही उरलेला नाही. 'काढा आणि बसवा' ही शंभर वर्षांची जगाची रीत होती, ती आमच्या तालुक्यापर्यंत पोचली इतकंच.

भरणं, झाकणं, जोडणं

आज दंतवैद्याकडे गेलो की जे उपाय ऐकायला मिळतात त्यांच्याकडे मी एकाच नजरेने पाहायला शिकलो. प्रत्येक उपाय स्वतःच्या दाताचा किती भाग खर्ची घालतो?

सर्वांत कमी खर्चाचं म्हणजे भरणं. आपण ज्याला 'चांदी भरणं' म्हणायचो ते चांदी, कथील, तांबं आणि पारा यांचं मिश्रण. ते टिकाऊ, पण दाताला चिकटत नाही. खड्ड्यात अडकून राहावं म्हणून दंतवैद्याला निरोगी दातही कोरावा लागे. अमेरिकेतले जी. व्ही. ब्लॅक यांनी शंभरेक वर्षांपूर्वी घालून दिलेला नियम तर, पुढे कीड लागू नये म्हणून खड्डा आधीच मोठा करा, असा होता. १९५५ मध्ये मायकेल ब्युनोकोर यांनी दाखवलं की इनॅमलवर सौम्य आम्लक्रिया केली की पृष्ठभाग खरखरीत होतो आणि त्यावर प्लास्टिकजातीचा पदार्थ घट्ट धरतो. १९६२ मध्ये राफाएल बोवेन यांनी त्यासाठी योग्य रेझिन तयार केलं. आज निळ्या दिव्याखाली कडक होणारं दातांच्या रंगाचं सिमेंट भरतात, ते या दोघांचं देणं. रंगापेक्षा मोठा फायदा हा की आता किडलेलं तेवढंच काढावं लागतं. पाऱ्याने होणाऱ्या प्रदूषणामुळे युरोपीय संघाने १ जानेवारी २०२५ पासून चांदी भरणं जवळपास बंदच केलं आहे. ग्लास आयनोमर नावाचं आणखी एक सिमेंट आहे. विजेशिवाय, नुसत्या हाताच्या अवजारांनी कीड खरवडून ते भरता येतं. खेड्यातल्या शाळेत टेबलावर मुलाला झोपवूनही हे काम होऊ शकतं.

कीड नसेपर्यंत पोचली तर रूट कॅनॉल. या नावाची लोकांना उगाच भीती. भूल दिल्यावर दुखतं ते फारच थोडं. दुखतं ते त्याच्या आधीच्या रात्री! सडलेला गाभा काढायचा, मुळाच्या नळ्या बारीक कानशींनी साफ करायच्या, जंतुनाशकाने धुवायच्या आणि बंद करायच्या. बंद करायला जो पदार्थ वापरतात तो गट्टापर्चा, आग्नेय आशियातल्या एका झाडाचा चीक. १८७० मध्ये समुद्राच्या तळातून तारेने मुंबई इंग्लंडशी जोडली गेली, तेव्हा त्या तारेवरचं वेष्टण याच चिकाचं होतं. खाऱ्या पाण्यात न कुजण्याचा त्याचा गुण दाताच्या मुळातही उपयोगी पडतो. रूट कॅनॉल केलेला दात 'मेलेला' असतो असं म्हणतात. ते अर्धंच खरं. आतला गाभा गेलेला असतो, पण बाहेरचे तंतू आणि हाड जिवंत असतात. दात खाचेत टांगलेलाच राहतो आणि हाडाला ताण मिळत राहतो.

अशी दाढ पोकळ झाल्यामुळे फुटू शकते, म्हणून तिच्यावर कॅप. धातूची, धातूवर चिनी मातीची, किंवा अलीकडे झिर्कोनियाची. मात्र पूर्ण कॅप बसवायला दाताचा दिसणारा भाग चहूबाजूंनी घासावा लागतो आणि त्यातला निम्म्याहून जास्त जाऊ शकतो. आधीच पोखरलेल्या दाढेला हे चालतं. चांगल्या दाताला, नुसता पांढरा दिसावा म्हणून, हा सौदा महाग आहे.

दात गेलाच असेल तर ब्रिज. दोन्ही बाजूंचे दात घासून त्यांच्यावर कॅप आणि मधे लटकता नकली दात. शेजारी आधीच कॅप लागण्याजोगे असतील तर उत्तम उपाय. ते निरोगी असतील तर एका गेलेल्या दातासाठी दोन चांगल्या दातांचं इनॅमल कायमचं द्यायचं, हा हिशेब बसतो का हे विचारायला हवं. शिवाय नकली दाताखालचं हाड झिजतच राहतं.

सशाच्या पायातला शोध

स्वीडनमधले पेर-इंगवार ब्रॉनेमार्क हे दातांचे नव्हे, हाडांतल्या रक्ताभिसरणाचे अभ्यासक. १९५२ मध्ये त्यांनी सशांच्या पायांच्या हाडांत टायटॅनियमच्या छोट्या नळ्या बसवून सूक्ष्मदर्शकातून निरीक्षणं घेतली. प्रयोग संपल्यावर महागाच्या त्या नळ्या परत काढायला गेले तर निघेनात. हाड टायटॅनियमला परकं न मानता त्याला घट्ट बिलगून वाढलं होतं. १९६५ मध्ये त्यांनी गोस्टा लार्सन या जन्मतः जबड्यात व्यंग असलेल्या माणसाच्या खालच्या जबड्यात टायटॅनियमचे स्क्रू बसवले. ते २००६ मध्ये लार्सन वारले तोपर्यंत काम देत होते. दंतवैद्यकाच्या जगाने हे मान्य करायला मात्र वेळ घेतला. १९८२ मध्ये टोरांटोत झालेल्या परिषदेनंतर इम्प्लांटचं युग सुरू झालं.

दोन-अडीच हजार वर्षांत पहिल्यांदाच असा नकली दात मिळाला जो शेजाऱ्यांवर भार टाकत नाही आणि हाडाला काम देतो. त्याचं कौतुक करावं तेवढं थोडं. पण तो दात नव्हे. हाड आणि स्क्रू यांच्यामध्ये तंतू नसतात, त्यामुळे धक्का झेलणारी गादी नाही आणि खडा ओळखणारी जाणही फार कमी. त्याला कीड लागत नाही, पण भोवतालच्या हिरडीला सूज येऊन हाड खाल्लं जाऊ शकतं. तंबाखू ओढणाऱ्यांत आणि मधुमेह आटोक्यात नसणाऱ्यांत हा धोका जास्त. म्हणजे ज्या कारणांनी दात गेला, त्याच कारणांनी इम्प्लांटही जाऊ शकतं. मिश्री, तंबाखू, घासण्याचा कंटाळा यांच्यासह कवळी घेता येते, इम्प्लांट नाही.

माझी भीती वेगळीच आहे. ईथर आणि रबर आले तेव्हा दात स्वस्त झाले. आता इम्प्लांट आलं आहे, तर पुन्हा तेच होणार नाही ना? वाचण्याजोगी दाढ 'काढा आणि बसवा' म्हणून जाणार नाही ना? ज्या दंतवैद्यांशी बोललो त्यांच्यातल्या एकाने सरळ सांगितलं, "इम्प्लांट हे न उरलेल्या दाताला उत्तर आहे. असलेल्या दाताला नाही."

इम्प्लांटचा एक उपयोग मात्र वाचताना मनाला लागला. २००२ मध्ये कॅनडातल्या मॅगिल विद्यापीठात जमलेल्या तज्ज्ञांनी एकमताने म्हटलं की ज्यांच्या खालच्या जबड्यात एकही दात नाही, त्यांच्यासाठी दोन इम्प्लांट आणि त्यांच्यावर बटणासारखी बसणारी कवळी हा पहिला पर्याय असावा. पूर्ण तोंडभर नव्हे, फक्त दोन. त्या वर्षी आई बासष्ट वर्षांची होती. पुढची बावीस वर्षं ती जगली. आम्ही कधी चौकशीच केली नाही. ती म्हणायची, "आता म्हातारपणी काय करायचंय?" आणि आम्हाला ते सोयीचं वाटायचं.

वीस दात

सगळे बत्तीस दात राहिलेच पाहिजेत असं नाही. नेदरलँड्समधले आर्न्द कायसर यांनी १९८१ मध्ये दाखवलं की समोरासमोर नीट भिडणारे वीसेक दात असतील तर बहुतेकांचं खाणं-बोलणं व्यवस्थित चालतं. प्रत्येक रिकामी जागा भरलीच पाहिजे असा हट्ट नको. जपानने १९८९ मध्ये साधी सोपी मोहीम सुरू केली: ऐंशीव्या वर्षी स्वतःचे वीस दात. तेव्हा ती अशक्य वाटत होती. २०१६ च्या पाहणीत जपानमधल्या त्या वयाच्या निम्म्याहून अधिक लोकांनी ती गाठली होती.

एवढ्या वाचनातून माझ्या हाती तीन प्रश्न लागले. दंतवैद्याच्या खुर्चीवर बसून ते मीही विचारले आणि वाचकांनीही विचारावेत. पहिला, हा दात वाचू शकतो का, आणि नसेल तर का नाही? दुसरा, या उपायासाठी माझ्या निरोगी दाताचा किती भाग जाणार? तिसरा, हा उपाय दहा-पंधरा वर्षांनी निकामी झाला तर पुढे काय करता येईल? भरलेलं निघालं तर पुन्हा भरता येतं. कॅप सुटली तर दुसरी बसते. रूट कॅनॉल केलेली दाढ गेली तर इम्प्लांट आहेच. ही वाट उलटी चालता येत नाही. इम्प्लांट बिघडलं म्हणून काढलेली दाढ परत मिळत नाही. दात फार हलत असेल, मूळ उभं चिरलेलं असेल, तर काढावाच लागतो, त्यात कमीपणा नाही. पण काढणं ही शेवटची पायरी आहे, ती पहिली करू नये.

दात कोरून पोट भरत नाही, ही म्हण काटकसरीच्या विरोधात आहे. दातांच्या बाबतीत मात्र कोरण्यापुरतं, घासण्यापुरतं, वर्षातून एकदा दाखवून घेण्यापुरतं लक्ष दिलं तरच पोट भरतं. पाच-सहा हजार वाचवायला दाढ काढणारा माणूस त्या जागेच्या हाडाचा आणि पुढच्या तीस वर्षांच्या घासांचा खर्च वहीत लिहितच नाही. आमच्याकडे तो खर्च आईने भरला.

माझी दाढ मी ठेवली. तीन खेपांत रूट कॅनॉल झालं, वर कॅप बसली. किती वर्षं टिकेल ते माझ्या घासण्यावर आहे. यंदा चकल्या बायको आणि मुलगी करताहेत, आईच्याच भाजणीच्या प्रमाणाने. पहिल्या घाण्यातली एक मी कोरडी, कडक, डाव्या बाजूने चावून पाहिली. कवळीची डबी अजून कपाटातच आहे. टाकायची म्हणून दोनदा हातात घेतली आणि पुन्हा ठेवून दिली.